गांवचें वस्तुसंग्रहालय आणि गांवची गोष्ट

वस्तुसंग्रहालय म्हटलें कीं सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें मुंबईसारख्या शहरांतील घुमटाची भव्य इमारत, कांचेच्या पेट्या, गणवेषांतले पहारेकरी आणि पाय दुखेपर्यंत हिंडणारीं माणसें उभीं राहतात. लहान गांवालाहि असें कांहीं असावें, ही कल्पनाच पुष्कळांना चमत्कारिक वाटते. गांवांत देऊळ असावें, तालीम असावी, वाचनालय असावें, हें सर्वांना पटतें, परंतु गांवच्या जुन्या वस्तु एका जागीं ठेवून त्यांची हकीकत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगणारें एखादें घर असावें, असें म्हटलें म्हणजे “जुनें सामान तें काय पाहायचें?” असा प्रश्न हटकून पुढें येतो. या प्रश्नाचें उत्तर देण्याच्या कामीं सातारा जिल्ह्याइतका उपयोगी जिल्हा महाराष्ट्रांत दुसरा क्वचितच सांपडेल. या जिल्ह्यानें एक संग्रहालय उभारलें आणि गमावलें, दुसरें जतन केलें, आणि तिसरें नव्यानें मिळविलें. या तिन्हींची हकीकत श्रोत्यांनीं एकत्र ऐकली, तर लहान गांवाला संग्रहालय कशासाठीं हवें, याचा उलगडा आपोआप होण्यासारखा आहे.

सातारा ही कोणे एके काळीं राजधानी होती. १७०८ सालीं शाहू महाराजांचा राज्याभिषेक येथें झाला आणि मराठ्यांच्या छत्रपतींची गादी अजिंक्यताऱ्याच्या सावलींत नांदली. १८३९ सालीं इंग्रजांनीं प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीस पाठविलें. १८४८ सालीं राज्यच खालसा झालें. राज्य गेलें म्हणजे खजिना जातो, फौज जाते, मानमरातब जातो. पण एक गोष्ट मागें राहते, ती म्हणजे कागद. सरदारांच्या, कारकुनांच्या, उपाध्यायांच्या वाड्यांतून मोडी कागदांचे रुमाल माळ्यावर पडून राहिले. ते वाचतां येणारा आजोबा गेला, कीं नातवाला त्यांत आणि रद्दींत कांहीं भेद दिसेना. कित्येक रुमाल वाळवीनें खाल्ले, कित्येक पावसांत कुजले, आणि कित्येक पुड्या बांधण्याच्या कामीं आले.

अशा वेळीं ज्यांनीं हे रुमाल वाचविले, ते बहुतेक साधे गृहस्थ होते. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे हे हायस्कूलांत संस्कृत शिकवीत. शाळेचें काम सांभाळून त्यांनीं पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतील पत्रें निवडलीं, स्वहस्तें नकलून काढलीं आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नांवानें तीं खंडामागून खंड प्रसिद्ध केलीं. वाईस मिळालेल्या कागदांवरून राजवाड्यांनीं १८९८ सालीं आपल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या ग्रंथमालेचा पहिला खंड काढला. आणि साताऱ्यास रावबहादुर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं तर या वेडापायीं सारें आयुष्य वेंचलें. १८९४ सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, त्यांनीं झांशीच्या राणी लक्ष्मीबाईंचें चरित्र लिहून प्रसिद्ध केलें. १९०८ सालीं ‘इतिहाससंग्रह’ मासिक सुरू केलें. आणि वाईजवळच्या मेणवलीस नाना फडणविसांचें जें दप्तर होतें, तें मिळवून सुरक्षित ठेवलें. कागदांबरोबर चित्रें, नकाशे, जुन्या चिजा असा त्यांचा संग्रह वाढत गेला. एका माणसाच्या घरांत मावेना इतका तो झाला, तेव्हां त्यासाठीं साताऱ्यास १९२५ च्या सुमारास स्वतंत्र ऐतिहासिक संग्रहालय निघालें.

पुढें काय झालें, हें ऐकण्यासारखें आहे. १९२६ सालीं पारसनीस वारले. संग्रह राहिला, इमारत राहिली. पण त्या वस्तूंना बोलकें करणारा माणूस गेला. १९३९ सालीं पुण्यास डेक्कन कॉलेजांत पदव्युत्तर संशोधनाची संस्था सुरू झाली आणि साताऱ्याचा हा संग्रह, मेणवलीच्या दप्तरासह, तिकडे नेण्यांत आला. यांत कोणाचा दोष काढण्याचें कारण नाहीं. पुण्यास त्या कागदांना जाणते वाचक मिळाले, निगा मिळाली. आज ते शाबूत आहेत याचें श्रेय त्या स्थलांतराला द्यावेंच लागेल. परंतु साताऱ्याच्या बाजूनें पाहिलें तर हिशेब निराळा होतो. ज्या कागदावर आपल्याच आळीचें नांव आहे, ज्या चित्रांतला डोंगर आपल्याच खिडकींतून दिसतो, तो कागद आणि तें चित्र पाहण्यास साताऱ्याच्या मुलाला दुसऱ्या गांवीं जावें लागूं लागलें. संशोधकाला सत्तर मैलांचें अंतर कांहींच नाहीं. शाळेंतल्या मुलाला मात्र तें अंतर फार आहे. कागद वांचला, पण गांवची आठवण एका पिढीनें पातळ झाली. कागद वांचणें आणि आठवण वांचणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा या पहिल्या हकीकतीचा मथितार्थ.

दुसरी हकीकत औंधची. औंध हें यमाईच्या डोंगराच्या कुशींत वसलेलें गांव. तेथील अधिपति भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे १९०९ सालीं गादीवर आले. संस्थान लहान, उत्पन्न बेताचें. पण राजाची हौस दांडगी, आणि ती हौस शिकारीची वा मोटारगाड्यांची नव्हती. ते स्वतः चित्रकार होते. रामायणांतील प्रसंगांचीं त्यांनीं काढलेलीं चित्रें १९१६ सालीं ‘चित्ररामायण’ म्हणून प्रसिद्ध झालीं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची संशोधित आवृत्ति हातीं घ्यावी, म्हणून त्यांनीं लाख रुपयांची देणगी देऊं केली आणि त्या आवृत्तीसाठीं चित्रेंहि काढलीं. चित्रकारांचा ताफा बरोबर घेऊन ते अजिंठ्यास गेले व तेथील भिंतींवरील चित्रांच्या नकला करवून आणल्या. १९३८ सालीं त्यांनीं यमाईच्या डोंगराच्या चढावर, देवीच्या वाटेवरच, आपल्या संग्रहासाठीं इमारत बांधली. तेंच श्रीभवानी वस्तुसंग्रहालय.

ही जागा निवडण्यांत मोठें मर्म आहे. राजवाड्यांत संग्रह ठेवला असता तर तो पाहुण्यांपुरता राहिला असता. देवीच्या वाटेवर ठेवल्यामुळें नवस फेडायला आलेला शेतकरी, खांद्यावर मूल घेतलेली त्याची बायको, आणि पायऱ्या चढून दमलेली म्हातारी, हीं सर्व माणसें तेथें सहज डोकावूं लागलीं. आंत राजा रविवर्म्याचीं मूळ चित्रें, पहाडी कलमाचीं नाजूक लघुचित्रें, हस्तिदंताचें व चंदनाचें कोरीव काम, सहा ऋतूंच्या संगमरवरी मूर्ति, आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूर याचें आई व मूल हें पाषाणशिल्प. जें पाहण्यास इतर लोकांनीं लंडनची वाट धरावी, तें खटाव तालुक्यांतल्या माणसाला यात्रेच्या दिवशीं पाहावयास मिळालें. १९४८ सालीं औंध संस्थान विलीन झालें, १९५१ सालीं बाळासाहेब निवर्तले. पण संग्रह गांव सोडून गेला नाहीं. आज तो महाराष्ट्र शासनाच्या देखरेखीखालीं त्याच डोंगरावर आहे.

बाळासाहेबांची आणखी एक हौस प्रसिद्ध होती, ती कीर्तनाची. हा राजा स्वतः कीर्तनास उभा राहत असे. चित्र काढणारा आणि कथा सांगणारा असे दोन गुण एका ठिकाणीं आले, हा निव्वळ योगायोग समजूं नये. आपल्या लोकांना नुसती वस्तु दाखवून भागत नाहीं. त्यांना वस्तूमागची कथा लागते. दिसावयास लहान अशी गोष्ट हातीं घेऊन तिच्यांतून मोठा अर्थ कसा काढावा, हें महाराष्ट्राला कीर्तनकारांनींच शिकविलें आहे. पूर्वरंगांत सिद्धान्त मांडावा, उत्तररंगांत आख्यान लावावें, आणि शेवटीं ऐकणाऱ्याला आपल्या घरची गोष्ट ऐकल्यासारखें वाटावें, ही ती रीत. वस्तुसंग्रहालयांतल्या माहिती सांगणाऱ्यालाहि हीच रीत लागू पडते. “ही तलवार, ही ढाल, ही तोफ,” असें म्हणत जो पुढें जातो, तो बाजारांतल्या भांड्यांची यादी वाचीत असतो. जो एकाच वस्तूपाशीं थांबून ती कोणाच्या हातीं होती, कोणत्या दिवशीं होती आणि मग येथें कशी आली, एवढें सांगतो, त्याच्या भोंवतीं माणसें गोळा होतात.

परंतु येथेंच एक धोका आहे, आणि तो लहान नाहीं. कथा रंगूं लागली कीं सांगणाऱ्याची जीभ सैल सुटते. वस्तु बिचारी मुकी. तिच्या नांवावर कांहींहि खपवितां येतें. तिसरी हकीकत याच धोक्याची आहे.

पारसनिसांचा संग्रह गेल्यानंतर साताऱ्याची उणीव पुष्कळ वर्षें तशीच राहिली. पुढें १९६६ सालीं येथें छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय स्थापन झालें. शस्त्रें, पोषाख, नाणीं, कागद असें मराठेशाहीचें साहित्य पुन्हां साताऱ्यांत पाहावयास मिळूं लागलें. जुलै २०२४ मध्यें याच संग्रहालयांत लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट म्युझियममधून वाघनखें आलीं. तीन वर्षांच्या कराराने तीं महाराष्ट्रांत आणलीं होतीं. कांहीं महिने साताऱ्यास राहून पुढें तीं नागपुरास गेलीं. तीं पाहण्यास लोकांच्या रांगा लागल्या. ज्या जिल्ह्यांत प्रतापगड आहे, त्या जिल्ह्यांत हें हत्यार यावें आणि लोकांचीं मनें भरून येऊं नयेत, हें शक्यच नव्हतें.

आतां या वाघनखांचा इतिहास पाहावा. मराठ्यांच्या इतिहासाचे तीन खंड १८२६ सालीं प्रसिद्ध करणारा ग्रँट डफ हा १८१८ ते १८२२ या काळांत साताऱ्यास इंग्रजांचा अधिकारी होता. हीं वाघनखें त्याच्या घराण्याकडे होतीं. त्यांच्या पेटीवर एक लेख आहे. शिवाजीनें ज्या शस्त्रानें मोंगल सरदारास मारलें तेंच हें, आणि पेशव्याच्या मुख्य प्रधानानें ग्रँट डफला तो साताऱ्यास रेसिडेंट असतां तें दिलें, असा त्याचा आशय. चौथ्या इयत्तेंतल्या मुलालाहि या लेखांत एक चूक दिसेल. अफझलखान मोंगलांचा सरदार नव्हता. तो विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार. पेटीवर ज्यानें हें लिहिलें वा लिहविलें, त्याला एवढेंहि ठाऊक नव्हतें. छत्रपतींचें शस्त्र पेशव्यांच्या प्रधानाकडे कसें आलें, हाहि प्रश्न उरतोच. खुद्द लंडनचें म्युझियम स्पष्ट सांगतें कीं, १६५९ सालीं प्रतापगडाखालीं वापरलीं गेलेलीं वाघनखें हींच, असें सिद्ध करतां येत नाहीं.

मग साताऱ्याच्या संग्रहालयांत उभ्या असलेल्या मुलाला काय सांगावें? एक पक्ष म्हणेल, शंका कशाला काढतां, लोकांच्या भावना दुखावतात. दुसरा म्हणेल, पुरावा नाहीं तर ही वस्तु दाखवूंच नका. या दोन्ही पक्षांचा मार्ग मुलाला शिकवीत नाहीं. त्याला खरा मार्ग असा सांगावा: १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाखालीं अफझलखान मारला गेला, हें पक्कें. त्या प्रसंगीं महाराजांपाशीं बिचवा आणि वाघनख होतें, असें पुढें चाळीस वर्षांच्या आंत लिहिलेली सभासदाची बखर सांगते. ही गोष्ट बरीच भरंवशाची. अज्ञानदासाच्या पोवाड्यांत तोच प्रसंग शाहिराच्या वाणीनें येतो. तो त्या काळच्या लोकांना हा पराक्रम कसा वाटला, याचा पुरावा. आणि समोरच्या पेटींतलीं नखें ग्रँट डफच्या घराण्यांतून आलीं आहेत. तीं तींच कीं दुसरीं, हें ठरलेलें नाहीं. दप्तर, बखर, पोवाडा आणि वस्तु, या चौघांची साक्ष वेगवेगळ्या मोलाची असते. हा फरक ज्या मुलाला एकदां कळला, त्याला पुढें आयुष्यांत कोणी सहजासहजीं फसवूं शकत नाहीं. शिवाय यांत महाराजांची थोरवी तिळमात्र कमी होत नाहीं. त्यांचा पराक्रम चार पोलादी नखांवर टेंकलेला नाहीं. तो त्यांनीं उभारलेल्या राज्यावर टेंकलेला आहे.

खोट्या कथेचें नुकसान मात्र फार लांबवर पोंचतें. मुलगा मोठा होतो, पुस्तकें वाचतो, आणि लहानपणीं ऐकलेली एक गोष्ट खोटी निघाली कीं बाकीच्या नऊ खऱ्या गोष्टींवरचाहि त्याचा विश्वास उडतो. म्हणून गांवच्या संग्रहालयानें आपल्या चिठ्ठीवर “असें सांगतात” आणि “असें लिहिलेलें आहे” हे दोन शब्दप्रयोग जपून वापरावे. दोन्ही लिहिण्यासारखे आहेत. एकाच्या जागीं दुसरा घालणें मात्र पाप आहे.

गांवचा इतिहास म्हणजे केवळ राजांचा आणि शस्त्रांचा इतिहास, अशीहि एक समजूत असते. ती दूर करणारी वस्तु साताऱ्यांतच आहे, आणि ती तलवारीइतकी चमकत नाहीं. प्रतापसिंह महाराजांच्या जुन्या राजवाड्यांत पुढें इंग्रजी शाळा भरूं लागली. त्या शाळेच्या दाखल्याच्या पुस्तकांत, १९१४ या क्रमांकापुढें, ७ नोव्हेंबर १९०० रोजीं पहिल्या इयत्तेंत घातलेल्या एका मुलाची नोंद आहे: भिवा रामजी आंबेडकर. कारकुनानें रोजच्या सवयीनें लिहिलेली एक ओळ. त्या दिवशीं तिच्याकडे कोणाचें लक्ष गेलें नसेल. याच मुलानें पुढें लिहून ठेवलें आहे कीं, वर्गांत त्याला वेगळें बसावें लागे, बसायचें तरटाचें बसकर घरून न्यावें आणि घरीं आणावें लागे, आणि तहान लागली तर शिपायानें नळ सोडल्यावांचून पाणी मिळत नसे. शिपाई नसेल त्या दिवशीं पाणीहि नसे. त्याच मुलाच्या नेतृत्वाखालीं देशाच्या राज्यघटनेचा मसुदा तयार झाला. तो शाळेंत दाखल झाला तो दिवस महाराष्ट्रांत २०१७ पासून विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो.

ही ओळ दाखवितांना सांगणाऱ्यानें काय सांगावें? नुसतें “थोर पुरुष या शाळेंत शिकले” असें म्हटलें तर मुलें टाळ्या वाजवितील आणि विसरतील. दाखल्याच्या ओळीबरोबर तें तरट आणि तो नळहि सांगितला, तर त्यांतलें एखादें मूल घरीं जाऊन गप्प बसेल, विचार करील. गांवच्या गोष्टींत गांवाला भूषण वाटेल असें पुष्कळ असतें, आणि गांवानें मान खालीं घालावी असेंहि कांहीं असतें. ज्या संग्रहालयांत पहिलें तेवढें सांगितलें जातें, तें गांवचा आरसा नव्हे, गांवची तसबीर होय.

परदेशांतहि शहाण्या लोकांनीं ही गोष्ट ओळखली. स्वीडनमध्यें आर्तुर हाझेलियस या गृहस्थानें १८९१ सालीं स्टॉकहोम येथें स्कान्सेन नांवाचें उघड्यावरचें संग्रहालय काढलें. त्यांत त्यानें शेतकऱ्यांचीं घरें जशींच्या तशीं उचलून आणून मांडलीं. राजमुकुट पाहून माणूस थक्क होतो. पण आपल्या आजीच्या घरासारखी चूल पाहिली कीं तो थांबतो आणि सोबतच्या मुलाला आपण होऊन कांहीं सांगूं लागतो. संग्रहालयाचें खरें काम त्या क्षणीं सुरू होतें. साताऱ्याच्या माणदेशांत, कृष्णाकांठीं, घरोघर अशा वस्तु आहेत: जातें, मोट, नाडा, घोंगडी विणण्याचा माग, दौत आणि बोरू, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांत राहून शिकलेल्या मुलाची पत्र्याची पेटी, १९४२ च्या चळवळींत भूमिगतांना भाकरी पोंचविणाऱ्या बाईची दुरडी. विहिरीवर पंप बसला आणि मोट गेली. मोटेबरोबर मोटेवरचीं गाणीं गेलीं. नाडा कोणत्या धाग्याचा वळीत, हें सांगणारे आतां थोडे उरले आहेत.

यासाठीं मोठी इमारत लागत नाहीं. शाळेंतली एक खोली, दोन कपाटें आणि एक जाडें वहीचें पुस्तक एवढ्यावर आरंभ करतां येतो. त्यांतहि कपाटांपेक्षां वही महत्त्वाची. वस्तु ज्या दिवशीं येईल त्याच दिवशीं तिच्यापुढें चार गोष्टी लिहून ठेवाव्या: ती कोणाकडून आली, त्याच्या घरीं ती कशी आली, तिचा उपयोग कसा करीत, आणि हें सर्व कोणीं सांगितलें. उद्यां लिहूं म्हटलें कीं तें राहून जातें. नांव नसलेली तलवार म्हणजे लोखंडाचा तुकडा, आणि हकीकत हरवलेलें जातें म्हणजे दोन दगड. ग्रँट डफच्या घराण्यांतल्या त्या पेटीवर पहिल्याच दिवशीं कोणी नीट चार ओळी लिहिल्या असत्या, तर पुढील पिढ्यांचा वाद टळला असता. आणि ही वही भरण्याचें काम मुलांवर सोंपवावें. आजोबांकडे जाऊन विचारणें, ऐकणें, लिहिणें, आणि दुसऱ्या आजोबांनीं वेगळें सांगितलें तर तेंहि लिहिणें, यापरतें इतिहासाचें उत्तम शिक्षण नाहीं.

खरेशास्त्र्यांनीं शाळा सांभाळून पटवर्धनी दप्तर नकललें. पारसनिसांनीं वाड्यावाड्यांतून रुमाल गोळा केले. औंधच्या राजानें रविवर्म्याचें चित्र देवीच्या पायऱ्यांवर आणून ठेवलें. या तिघांची ऐपत वेगळी, साधनें वेगळीं. पण तिघांनाहि एकच गोष्ट कळली होती कीं, जुनें तें आपोआप टिकत नाहीं, तें कोणीतरी टिकवावें लागतें. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या प्रत्येक मोठ्या गांवांत आज असे कोणी ना कोणी आहे, ज्याच्या माळ्यावर एखादा रुमाल आहे आणि ज्याच्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसाला त्याची हकीकत ठाऊक आहे. रुमाल आणखी पन्नास वर्षें कदाचित् टिकेल. म्हातारें माणूस तितकें थांबणार नाहीं. तेव्हां आधीं त्यांच्यापाशीं बसावें, वही उघडावी, आणि मग निवांतपणें माळ्यावर चढावें.